दुसरा बिल्ला

२ सप्टेंबर

ती. वन्संना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही रागावणार हे धरूनच लिहायला बसले आहे. यांनी आम्हा दोघांसाठी ठरवलेली जहाजाची सफर मी रद्द केलेली नाही. मी जाणार आहे, एकटी. एजंटबाईंना यांच्याबद्दल काही सांगितलेलं नाही, त्यामुळे कागदावर दोघांची नावं आहेत तशीच आहेत. त्यांना कळलं असतं तर एकट्या बाईची लहान खोली गळ्यात मारली असती. यांनी टेबलावर नकाशा पसरून, त्यावर बोट ठेवून निवडलेली खोली आहे ती. मला तीच हवी, दोन्ही पलंगांसकट.

थोरला म्हणतो, आईचं डोकं फिरलंय. सूनबाईने मात्र माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली, त्यावरून ती माझ्या बाजूची आहे असं मी धरते.

यांना जाऊन वर्ष होत आलं. वर्षभर लोक मला समजावताहेत आणि मी मान हलवतेय. खरं सांगू, यांच्याबद्दल ‘गेले’ हा शब्द माझ्या तोंडून अजून एकदाही निघालेला नाही. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे थोरलाच सांगतो. मी नुसती सही करते.

तुमची अख्खी नोकरी जहाजावर गेली. मला साध्या होडीत बसलं तरी पोटात ढवळतं, समुद्राची सगळी हौस यांनाच. काय न्यायचं, काय नाही, कुठे वेंधळेपणा होईल, सगळं लिहा. आणि रागावायचं असेल तर पत्राच्या शेवटी रागवा, आधी उपयोगाचं येऊ दे.

तुमची,
वहिनी


१० सप्टेंबर

प्रिय वहिनी,
अनेक आशीर्वाद.

रागावेन कशाला? घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा लाटा मोजलेल्या बऱ्या. माझा भाऊ असला तरी सांगते, गुंड्या असता तर त्याने तुला तिथे जाऊन वात आणला असता, तेवढा तरी त्रास वाचेल.

आता कान इकडे दे. जहाजावर चढताना बॅगा आपल्या हातून घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत. पहिल्या दिवशी नवऱ्याचा सदरा घालून जेवायला आलेल्या कितीतरी बायका मी बघितल्या आहेत. मळमळीची गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, कुठली ती डॉक्टरला विचार. पोट रिकामं ठेवू नकोस, कोरडी बिस्किटं उशाशी असू देत. ढवळायला लागलं की डोळे मिटून पडायचं नाही. वर डेकवर जायचं आणि पाणी नि आभाळ मिळतं त्या रेघेवर नजर लावायची. तिथे तेवढी एकच गोष्ट हलत नाही. भिंती लोखंडी असतात, लोहचुंबकाचे आकडे ने, ओले कपडे अडकवायला बरे. खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर असावी, पण गुंड्याने निवडली म्हणजे मोठी खिडकी बघून निवडली असणार आणि वर नाचघर असणार.

तुझं जहाज लहान आहे, जुन्या वळणाचं. अशा जहाजावर उतरायच्या शिडीशी एक फळा असतो. त्यावर आकड्यांना खोलीच्या नंबराचे बिल्ले टांगलेले, माणशी एक. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने तांबडा. बंदरात उतरताना आपला बिल्ला तांबडा करायचा, परत आलं की पांढरा. सगळा फळा पांढरा झाल्याशिवाय जहाज दोर सोडत नाही. हे विसरलीस तर तुझ्या नावाने भोंगा वाजेल आणि सगळं जहाज तुझ्याकडे बघेल.

आणखी एक. दुसरा पलंग रिकामा राहील. रिकाम्या गादीची चादर आमच्यात चारी बाजूंनी गच्च खोचतात आणि उशी उचलून कपाटात ठेवतात. खोलीवाला ते करेल, तू मध्ये पडू नकोस. का ते विचारू नकोस. आमची शिस्त आहे.

प्रत्येक बंदरात जहाजाचा एक एजंट असतो, त्याच्याकडे टाकलेलं पत्र जहाजावर पोचतं. सगळ्यांचे पत्ते सोबत जोडते. फोन करत बसू नकोस, समुद्रात धड लागत नाही, आणि पत्र मला दहादा वाचता येतं.

तुझी,
वन्सं


३ ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार.

अहो, वर खरंच नाचघर आहे! संध्याकाळ झाली की डोक्यावर टाचा वाजतात. तुम्ही तुमच्या भावाला किती ओळखता हे बघून मला हसूच आलं, एकटीच बसून हसले. किती महिन्यांनी कोण जाणे.

बाकी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. बॅग संध्याकाळी आली. गोळी आधी घेतली, तरी पहिले दोन दिवस बिस्किटांवरच काढले. शेजारच्या खोलीत एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांना जगातलं सगळं माहीत आहे आणि ते त्या सांगतात. जेवायला त्यांच्याशेजारी बसलं की आपल्याला काही बोलावं लागत नाही, ते मला सोयीचं पडतं.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. खोलीवाला रोज सकाळी यांच्या पलंगाची चादर गच्च खोचतो, आणि तो गेला की मी ती सोडवते. उशी कपाटातून काढून ठेवते. तो दुसऱ्या दिवशी परत खोचतो. आमचं दोघांचं मुक्यानं भांडण चाललं आहे. वन्सं, बांधून ठेवलेल्या गादीकडे बघून मला झोप येत नाही हो. दवाखान्यात शेवटी यांना तसंच गुंडाळलं होतं.

काल पहिलं बंदर लागलं. फळ्यावर आमच्या खोलीचे दोन बिल्ले शेजारी शेजारी होते. उतरताना मी दोन्ही तांबडे केले. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. म्हटलं, यांनाही जरा पाय मोकळे करू दे. गावात फिरले, बाकावर बसले, एकटीच बडबडले. परत आले तर एक बिल्ला आधीच पांढरा झालेला. शिडीवाला फळ्याकडे बघून म्हणाला, “साहेब मघाशीच आलेत की, तुम्हीच मागे राहिलात.”

मी माझा बिल्ला फिरवला आणि खोलीत आले. भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. बरं वाटलं.

तुमची,
वहिनी


११ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

शिडीवाल्याचं काय घेऊन बसलीस! शंभर बिल्ले लटकलेले असतात, कुणाचा तरी हात चुकून लागतो. मी स्वतः एकदा अख्ख्या ओळीला धक्का देऊन मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

पण चादरीचं मात्र ऐक. उद्यापासून ती सोडवायची नाही. उशी कपाटात. मी मोठी आहे आणि सांगते आहे, एवढं कारण पुरे. दवाखान्याची आठवण येते हे मला समजतं. मग पलंगावर तुझ्या बॅगा ठेव, कपडे पसर, मास्तरीणबाईंना बोलावून बसव. गादी मोकळी ठेवायची नाही.

बंदर आलं की उतरत जा. जेवायला खाली जा. खोलीत फार बसू नकोस. आणि काय काय होतंय ते सगळं लिही, माझ्यापासून लपवू नकोस.

तुझी,
वन्सं


२० ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही लपवू नकोस म्हणालात म्हणून लिहिते, आणि तुम्हालाच लिहिते. थोरल्याला यातलं अक्षर कळवू नका.

हे येतात.

दुपारी येतात. जेवणं झाली की जहाजावर सामसूम होते, सगळे लवंडतात. मी माझ्या पलंगावर डोळे मिटून पडते. शेजारची गादी दबल्याचा आवाज होतो. मी वळून बघत नाही, बघितलं तर जातील असं वाटतं. उठल्यावर हात लावून बघते, तर गादी कोमट असते. उशीला डोक्याएवढा खड्डा पडलेला असतो. नवल एवढंच की तो भिंतीच्या बाजूला असतो, कोणी भिंतीकडे तोंड करून अंग चोरून झोपावं तसा. हे तर कसे, जहागीरदारासारखे उताणे. पण जागा बदलली की झोपायची तऱ्हा बदलते, नाही का?

खोलीवाला आता चादर खोचत नाही. काल दारातूनच टॉवेल देऊन गेला, आत आला नाही.

मागची दोन बंदरं मी उतरले नाही. उतरून काय करायचं? जेवण खोलीतच मागवते. मास्तरीणबाई म्हणतात मी वाळले आहे. त्या काय, काहीही म्हणतात.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. परवा दुपारी मी पडले होते, आणि मग एकदम वारा लागला. बघते तर मी मागच्या डेकवर, अनवाणी, कठड्याच्या खालच्या दांडीवर पाय ठेवून उभी. कशी आले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की उजवा हात कुणीतरी धरला होता, आणि तो हात सोडवावासा वाटत नव्हता. मास्तरीणबाईंनी हाक मारली आणि हात सुटला. त्यांचा फार राग आला मला.

वन्सं, हे जहाज शेवटच्या बंदरावरून लगेच पुढच्या फेरीला निघतं. खोली तशीच ठेवता येईल का, असं मी ऑफिसात विचारून आले आहे. घरी कशाला येऊ? घरी हे येत नाहीत.

तुमची,
वहिनी


२७ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र बसून वाच, आणि खोलीत वाचू नकोस. जिथे माणसं असतील तिथे जा.

तुझ्या खोलीत येतो तो गुंड्या नाही.

तुला सांगायचं नव्हतं, पण आता इलाज नाही. चादर खोचायची ती शिस्त म्हणून नाही. मोकळी गादी दिसली की ज्याला उतरायला बंदर नाही असं कुणीतरी येऊन तिथे पडतं. जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. प्रवासी घाबरतील म्हणून कोणी बोलत नाही. त्याला गादी दिलीस, उशी दिलीस, आता त्याला सोबत हवी आहे. कठड्याशी तुझा हात कोणी धरला होता ते ओळख.

तूच विचार कर. इतकी वर्षं संसार केलास. तुझ्या नवऱ्याने कधी एकदा तरी भिंतीकडे तोंड केलं? पलंगभर पसरणारा, तोंड उघडं टाकून घोरणारा माणूस तो. अंग चोरून झोपायला त्याला काय कमी होतं तुझ्याकडे? खड्डा बघूनच तुला खरं कळलं होतं, तू मनाची समजूत घातलीस.

आता मी सांगते ते कर. पुढच्या बंदरात उतर. तुझा बिल्ला तांबडा कर, पण दुसरा फिरवू नकोस. तो आकड्यावरून काढ आणि मुठीत धरून शिडी उतर. धक्क्यावर दोर बांधायचे लोखंडी खुंट असतात, त्यातल्या एकावर तो ठेव आणि सरळ गावात जा. काहीतरी गरम खा. परत आल्यावर फक्त आपला बिल्ला फिरव. फळ्यावर एक आकडा रिकामा दिसेल, ते विचारतीलच. तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने सांगायचं, “ते इथे उतरले. पुढे येणार नाहीत.” जहाजावरून कोणी कायमचा उतरला की आमच्यात असंच सांगतात. तसं सांगितल्याशिवाय कोणी उतरत नाही.

थोरला तिथे नाही. तुलाच सांगावं लागेल.

मी घाबरले आहे वहिनी. भाऊ गेला, आता तू जाऊ नकोस. हात जोडते.

तुझी,
वन्सं


८ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

केलं. तुम्ही हात जोडलेत म्हणून केलं, पटलं म्हणून नाही, हे आधीच सांगते. तुमचं पत्र वाचून मी तुमच्याशी दिवसभर मनात भांडले. पण भिंतीकडच्या खड्ड्याशी येऊन दर वेळी अडले. यांच्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून मी झोपत आले. पाठ कशी ती मला कधी दिसलीच नाही.

बिल्ला मुठीत घेऊन उतरले. धक्क्यावर मासळीच्या पेट्या चढत होत्या, माणसं ओरडत होती, आणि मी एका खुंटाशी मूठ आवळून उभी. मूठ उघडवेना. मग मी त्याच्याशीच बोलले, जो कोणी होता त्याच्याशी. म्हटलं, बाबा, तू कोण ते मला माहीत नाही. तुला माझा माणूस समजून मी जवळ केलं, चूक माझी. तुझीही कुणीतरी वाट बघत असेल, तिकडे जा. बिल्ला ठेवला आणि निघाले. गावात एका खाणावळीत सूप मागवलं, त्यात माझे अश्रूच जास्त होते.

परत येऊन माझा बिल्ला फिरवला. थोड्या वेळाने भोंगा वाजला आणि सगळ्या मजल्यांवर यांचं नाव ऐकू आलं. पूर्ण नाव, आडनावासकट. दवाखान्याच्या बाहेर पुकारलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच. शिडीशी गेले. तिथे अधिकारी होता, शिडीवाला होता, मास्तरीणबाईही येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, “ते उतरले. पुढे येणार नाहीत.” अधिकाऱ्याला नीट ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तोंडातून वेगळंच निघालं. “ते गेले,” म्हणाले. “माझे यजमान गेले. वर्ष झालं.”

अधिकाऱ्याने टोपी काढली. कागद बघून म्हणाला, पहिल्याच दिवशी ‘आले नाहीत’ अशी खूण आहे, बिल्ला काढायचा आमच्याकडून राहिला, माफ करा. मास्तरीणबाईंनी मला धरलं, आणि एकदाच्या गप्प बसल्या.

जहाज सुटलं तेव्हा मी धक्क्याकडे पाठ करून उभी होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, “अहो, तो खुंटाशी कोण उभा आहे? केव्हाचा आपल्याकडे बघून हात करतोय.” मी म्हटलं, असेल कुणीतरी. वळले नाही. बरं वाटलं मला, बिचाऱ्याला एकदाचं उतरायला मिळालं.

आता खाली जाऊन जेवते. दुपारी झोपते ती गाढ. चादर मीच खोचली. खोलीवाला चक्क हसला. पुढची फेरी नको म्हणून सांगितलं आहे, महिनाअखेर घरी पोचेन.

वन्सं, तुम्ही नसता तर मी आज नसते.

तुमची,
वहिनी


१५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास. हे पत्र तुला घरीच मिळेल. आल्यावर दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल, घाबरू नकोस, सगळ्यांचं तसंच होतं. थोरल्याशी भांडू नकोस. सूनबाईला काहीतरी आणलं असशीलच. पायांना तेल लाव, भरपूर जेव, आणि झालं ते झालं, त्याचा पुन्हा विचार करायचा नाही.

तुझी,
वन्सं


१५ नोव्हेंबर

चि. गुंड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र त्या बंदरातल्या एजंटच्या पत्त्यावर टाकते आहे. न्यायला कोणी आलं नाही तर काही दिवसांनी ते फाडतात, मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

तो तूच होतास. वहिनीने भिंतीकडच्या खड्ड्याचं लिहिलं तेव्हाच मला कळलं. आई गेली त्या वर्षी तू माझ्याजवळ झोपायचास, तोंड भिंतीकडे, पाठ माझ्या पाठीला लावलेली. रडतोयस ते मला दिसू नये म्हणून. मीही झोपेचं सोंग घ्यायचे. लग्न झाल्यावर तू तसा कधीच झोपला नाहीस, ते मला आता तिच्या पत्रातून कळलं. म्हणजे तुला तिने किती सुखात ठेवलं होतं बघ. म्हणूनच मी तिच्याशी खोटं बोलले.

तू तिला मुद्दाम नेत नव्हतास. तुला भीती वाटत होती आणि जवळ होता तो हात तू धरलास. पण गुंड्या, तिला पोहता येत नाही रे.

तुला परक्या गावच्या धक्क्यावर सोडायला मी लावलं, सख्ख्या बहिणीने. आणि तिने तुला कुणी दुसराच समजून सोडलं, याने माझा जीव तुटतो. तू हात करत राहिलास आणि ती वळलीसुद्धा नाही. तिच्यावर राग धरू नकोस. तिला खरं कधीच कळणार नाही, ते माझ्याबरोबर जाईल. राग माझ्यावर काढ.

तिच्या घरी जाऊ नकोस. तिला आता कुठे भूक लागायला लागली आहे. त्या धक्क्यावरही थांबू नकोस, तिथे वारा फार असतो आणि तुझ्या अंगावर दवाखान्यातले पातळ कपडे असतील. माझ्याकडे ये. वाट विचारत ये, तुला लाज वाटते माहीत आहे, पण विचार. भिंतीकडची जागा मी रिकामी ठेवली आहे. हात धरून कुठे न्यायचं असेल तर मला ने, माझं सगळं करून झालं आहे, मी येईन.

दार वाजवत उभा राहू नकोस, मला हल्ली ऐकू येत नाही. सरळ आत ये.

तुझी,
ताई